मयताच्या वतीने कोर्टात कोण बोलणार? ‘वारस’ आणि ‘प्रतिनिधी’ यांतला फरक



संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठीच्या या लेखमालेत आज विषय जरा वेगळा आहे. प्रयोगशाळेतला नाही, कोर्टातला आहे. पण शेवटपर्यंत वाचलंत, तर आपला संशोधन-प्रश्न कसा मांडावा याचा चांगला धडा त्यात सापडेल. सोबत, घरात एखादा जमिनीचा दावा चालू असेल तर प्रत्यक्ष उपयोगाची माहितीही मिळेल.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, बोर्ली पंचतनमध्ये एका आजोबांची सुपारीची वाडी आहे. शेजाऱ्याने बांध सरकवला म्हणून आजोबांनी श्रीवर्धनच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. दावा पाच-सहा वर्षं चालला आणि मध्येच आजोबा गेले. आता तिघं जण पुढे येतात. गावातच राहून वाडी शिंपणारा मुलगा म्हणतो, “दावा मी चालवतो.” पनवेलला दिलेली मुलगी म्हणते, “माझंही नाव लागलं पाहिजे.” पुतण्या एक कागद काढतो आणि म्हणतो, “काकांनी मृत्युपत्र करून वाडी मला दिलीय.”

शेजारी मात्र निवांत. कारण मेलेला माणूस दावा चालवू शकत नाही, आणि जिवंत माणसांचं अजून ठरलेलं नाही.

इथे कोर्टासमोर दोन प्रश्न असतात. पहिला, वाडी शेवटी कोणाची? दुसरा, आजोबांचा हा दावा आता पुढे कोणी चालवायचा? ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण कायदा ते वेगळे ठेवतो. ही फारकत का केली आहे आणि ती पाळली नाही की काय होतं, हे आज पाहू.

विज्ञानाच्या विद्यार्थिनीला याचं काय?

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. माझं काम मातीवर आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या वाड्यांतल्या मातीचे नमुने घ्यायचे तर जागेच्या मालकाची लेखी संमती लागते. सातबारा काढला की बऱ्याचदा दिसतं असं: नाव आहे ते गृहस्थ वारलेले, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, किंवा मग खाली सात-आठ वारसांची नावं, त्यातले निम्मे मुंबईत. वाडी राखणारा एकच. मग संमतीपत्रावर सही कोणाची घ्यायची? वाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याची, की सगळ्यांची?

या प्रश्नाचा शोध घेता घेता मी दिवाणी प्रक्रिया संहितेपर्यंत आले, आणि तिथे ही सगळी गुंतागुंत फार व्यवस्थित सोडवून ठेवलेली आढळली. म्हणून हा लेख.

चार शब्द, चार अर्थ

आपण बोलताना ‘वारस’ हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. कोर्टातसुद्धा वकील “वारस रेकॉर्डवर घ्यायचेत” असंच म्हणतात. पण त्याखाली निदान चार वेगळ्या भूमिका दडलेल्या आहेत.

१. वारस: वारसा कायद्याने ज्याला मालमत्तेत हिस्सा मिळतो तो. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. म्हणजे पनवेलची मुलगी यात आहेच, तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

२. मृत्युपत्राने मिळणारा: पुतण्या या गटात येतो, अर्थात मृत्युपत्र खरं ठरलं तर.

३. नॉमिनी: बँकेने, कंपनीने किंवा सोसायटीने पैसे अथवा शेअर ज्याच्या हाती द्यायचे तो. लोक त्याला मालक समजतात. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांच्या मालमत्तेवरून जो वाद झाला त्यात हाच मुद्दा होता, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेअरचा नॉमिनी हा वारसांना डावलून मालक होत नाही.

४. कायदेशीर प्रतिनिधी: आजचा आपला मुख्य शब्द. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २(११) मध्ये याची व्याख्या आहे. साध्या भाषेत, मयताच्या मालमत्तेचं कायद्याने प्रतिनिधित्व करतो तो.

व्याख्येची मजा पुढे आहे. मयताच्या मालमत्तेत जो ढवळाढवळ करतो, म्हणजे हक्क असो वा नसो, ती हाताळू लागतो, त्यालाही ही व्याख्या प्रतिनिधी म्हणते. का? विचार करा. मयतावर कर्ज होतं, आणि एक लांबचा नातेवाईक कपाटातली रक्कम घेऊन बसलाय. सावकाराने दावा कोणावर लावायचा? “मी वारस नाही” असं म्हणून तो नातेवाईक सुटला, तर पैसे कायमचे बुडाले. म्हणून कायदा त्यालाही धरतो. पण मयताची जेवढी मालमत्ता हाती आली, तेवढ्यापुरतंच (कलम ५०). त्याच्या स्वतःच्या पगाराला हात लागत नाही.

म्हणजे प्रत्येक वारस हा प्रतिनिधी होऊ शकतो, पण प्रत्येक प्रतिनिधी हा वारस असेलच असं नाही. १९८९ मध्ये गोव्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्पष्ट केलं. पोर्तुगीज काळात तिथे चालणाऱ्या बांको नॅशिओनाल अल्ट्रामारीनो या बँकेचं ते प्रकरण. न्यायालय म्हणालं की ही व्याख्या मुद्दाम व्यापक ठेवलेली आहे, ती फक्त वारसांपुरती नाही. वारस पुष्कळ असतील, आणि त्यातले काही जण मालमत्ता ताब्यात ठेवून प्रामाणिकपणे, फसवणूक किंवा संगनमत न करता बाजू लढवत असतील, तर तेही मालमत्तेचं प्रतिनिधित्व करू शकतात.

आमच्या कोकणात हे फार कामाचं आहे. एका सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातले चौघं परदेशी आणि दोघांचा पत्ताच नाही, अशी स्थिती असताना सगळे सापडेपर्यंत दावा थांबवायचा म्हटलं तर तो कधीच संपणार नाही. पण ‘फसवणूक किंवा संगनमत न करता’ ही अट विसरू नका. बहिणीचं नाव माहीत असून मुद्दाम वगळलं, तर या निकालाच्या आडोशाला उभं राहणं अवघड जाईल.

हा प्रश्न आपल्याकडेच एवढा का चिघळतो?

इंग्लंडमध्ये माणूस गेला की त्याची मालमत्ता आधी एका प्रतिनिधीकडे जाते. मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर असेल तर तो, नाही तर कोर्टाने नेमलेला प्रशासक. तो कर्ज फेडतो, उरलेलं वाटतो. ‘बोलणार कोण’ याचं उत्तर ‘मिळणार कोणाला’ याच्या आधी तयार असतं.

आपल्याकडे मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात मालमत्ता मृत्यूच्या क्षणीच थेट वारसांकडे जाते. मध्ये कोणी नसतं. त्यामुळे वारस दहा असतील तर बोलणारेही दहा, आणि अकरावा मृत्युपत्र घेऊन दारात. कोर्टाला प्रत्येक वेळी थांबून विचारावं लागतं की यातला प्रतिनिधी कोण.

घड्याळ चालू असतं

आता व्यवहाराचं. संहितेचा आदेश २२ हा पक्षकाराच्या मृत्यूबद्दल आहे. वादी गेला तर नियम ३, प्रतिवादी गेला तर नियम ४. दोन्हीकडे मयताच्या प्रतिनिधीला रेकॉर्डवर घ्यावं म्हणून अर्ज करायचा असतो. मुदत, मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवस.

या मुदतीत अर्ज झाला नाही तर मयतापुरता दावा आपोआप संपतो. कोर्टात याला ‘दावा ॲबेट झाला’ म्हणतात. त्यासाठी न्यायाधीशांना वेगळा हुकूम करावा लागत नाही. तो उठवून घ्यायला पुढे आणखी ६० दिवस मिळतात. तेही गेले, तर उशीर का झाला हे पटवून देऊन माफी मागावी लागते.

आपल्या उदाहरणात आजोबा १ मार्चला गेले असं धरा. ९० दिवस संपतात ३० मे रोजी. पुढचे ६० दिवस २९ जुलैला. मधल्या काळात दिवसकार्य, शिमगा, मुलांच्या परीक्षा, मेमध्ये चाकरमानी गावी, मग पेरणी. “गणपतीत सगळे एकत्र जमतील तेव्हा बसून ठरवू” असं घरोघरी म्हणतात. गणपती येईपर्यंत दोन्ही मुदती संपलेल्या असतात. मुळात आजोबांची बाजू बरोबर होती की चूक, हे कोर्टाने पाहिलेलंही नसतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पक्षकार वारल्याचं कळलं की ते कोर्टाला कळवणं हे त्याच्या वकिलाचं कर्तव्य आहे (नियम १०-अ). आणि मयताचा कोणीच प्रतिनिधी नसेल, तर कोर्ट महाप्रशासकाला किंवा दुसऱ्या योग्य व्यक्तीला त्या दाव्यापुरतं नेमू शकतं (नियम ४-अ).

सगळेच दावे मात्र माणसामागे उरत नाहीत. अब्रुनुकसानीसारखा अगदी व्यक्तिगत दावा माणसाबरोबर संपतो. जमीन, पैसे, करार यांचे दावे उरतात. म्हणून कोर्ट आधी विचारतं, दावा करण्याचा हक्क शिल्लक आहे का? असेल तरच पुढचा प्रश्न.

नियम ५: छोटं उत्तर, पण द्यायलाच हवं

मुलगा आणि पुतण्या दोघंही “मीच प्रतिनिधी” म्हणाले तर? आदेश २२ चा नियम ५ सांगतो की हा प्रश्न कोर्टाने ठरवायचा. २००८ मध्ये जलदी सुगुणा विरुद्ध सत्य साई सेंट्रल ट्रस्ट या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की प्रतिनिधी कोण हे आधी ठरवा, मगच अपिलाच्या मुद्द्यांवर जा. भांडणाऱ्या सगळ्यांना नुसतं रेकॉर्डवर घेऊन सुनावणी चालवायची आणि खरा प्रतिनिधी कोण हे अधांतरी ठेवायचं, असं चालणार नाही.

पण हे उत्तर किती मोठं? अगदी छोटं. ते फक्त त्या दाव्यापुरतं असतं. पुतण्याला या दाव्यात प्रतिनिधी मानलं, म्हणून वाडी त्याची झाली असं होत नाही. मुलगा आणि मुलगी मालकीसाठी वेगळा दावा लावू शकतात, आणि तिथे मृत्युपत्राची पुन्हा, पूर्ण तपासणी होते.

थोडक्यात: उत्तर तात्पुरतं आहे, पण ते टाळता येत नाही. ही जोडी लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत येऊ.

ताई महाराज प्रकरण: एक घटना, तीन प्रश्न

हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण लोकमान्य टिळकांच्या आयुष्यात आहे. राजद्रोहाच्या खटल्यांबद्दल आपण शाळेत वाचतो. हे प्रकरण मात्र बहुतेकांना नावापुरतंच माहीत असतं.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी कॉलऱ्याने वारले. जाण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि ते अमलात आणायला काही विश्वासू माणसं नेमली. त्यात टिळक होते, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते, नागपूरकर होते. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात जामिनावर नुकतेच सुटलेले होते, अवघ्या तीन दिवसांपूर्वी. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रातली तरतूद.

मुलगा झाला, पण थोड्याच काळात गेला. विश्वस्तांनी प्रोबेट घेतलं होतं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे आणि मयताच्या वतीने ही माणसं काम करू शकतात, असा कोर्टाचा शिक्का. इस्टेटीवर कर्ज होतं, म्हणून त्यांनी खर्चाला कात्री लावली. तरुण विधवेच्या घरात पैशाचा निर्णय बाहेरचे पुरुष घेणार, यातून कडवटपणा येणं स्वाभाविक होतं. ताई महाराजांची बाजू वाचताना हे नजरेआड करू नका.

जून १९०१ मध्ये सगळे औरंगाबादला गेले आणि २८ जूनला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला गेला, असं टिळक-खापर्डे यांचं म्हणणं. ताई महाराजांनी पुढे ते नाकारलं. विश्वस्तांपैकी नागपूरकर त्यांच्या बाजूला गेले. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या शाखेतल्या बाळा महाराजांना दत्तक घेतलं. त्याआधी, जुलैच्या अखेरीस, पुण्याच्या जिल्हा न्यायालयात अर्ज गेला होता की विश्वस्तांचं प्रोबेट रद्द करा.

आता नीट पाहा. औरंगाबादला जे घडलं ते एकदाच घडलं. त्यावरून तीन वेगळे प्रश्न तीन ठिकाणी विचारले गेले.

पहिला प्रश्न, इस्टेटीच्या वतीने बोलण्याचा अधिकार विश्वस्तांकडे राहिला आहे का? हा प्रोबेटचा प्रश्न, म्हणजे आपला प्रतिनिधित्वाचा. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. टिळक साक्षीत खोटं बोलले असं ठरवून त्यांनी त्यांना फौजदारी चौकशीसाठी पाठवलं. उच्च न्यायालयाने प्रोबेट परत दिलं, पण फौजदारी प्रकरण पुढे चालू राहिलं.

दुसरा प्रश्न, टिळक खोटं बोलले का? यात १९०३ मध्ये त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. दरम्यान १९०३ मध्येच ताई महाराज वारल्या. ज्यांच्या नावाने प्रकरण ओळखलं जातं त्या गेल्या, आणि भांडण चालूच राहिलं.

तिसरा प्रश्न, दत्तक खरा कोण, म्हणजे इस्टेट कोणाची? हा दिवाणी दावा. १९०६ मध्ये पुण्याच्या कोर्टात निकाल जगन्नाथच्या बाजूने लागला. १९१० मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला. टिळक तेव्हा मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी २६ मार्च १९१५ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथचं दत्तकविधान ग्राह्य धरलं.

बाबा महाराजांच्या मृत्यूपासून साडेसतरा वर्षं. यातला पहिला प्रश्न खरं तर लहान होता: हे विश्वस्त तूर्त कारभार पाहू शकतात का? त्याचं उत्तर देताना साक्षीदाराच्या प्रामाणिकपणाचाच निकाल लावला गेला, आणि त्यातून एक फौजदारी खटला उभा राहिला.

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालातला एक भाग वकील आजही सांगतात. उच्च न्यायालयाने काही प्रतिष्ठित साक्षीदारांना कटात सामील धरलं होतं. कौन्सिलने विचारलं की हा आरोप त्या साक्षीदारांसमोर ठेवला होता का? एखाद्या कागदाच्या आधारे साक्षीदाराला खोटं पाडायचं असेल, तर तो कागद त्याला दाखवून खुलासा करायची संधी दिली पाहिजे. ती न देता मागाहून निष्कर्ष काढणं न्याय्य नाही.

दोनशे वर्षांपूर्वीचा एक शहाणा नियम

मुंबई इलाख्यात १८२७ साली, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, विनियमांची एक मालिका झाली. त्यातला आठवा विनियम वारस, एक्झिक्युटर आणि प्रशासक यांना रीतसर मान्यता देण्याबद्दल आहे. महाराष्ट्रात आजही दिवाणी न्यायालयातून ‘वारस दाखला’ मिळतो तो याच्याच आधारे. अर्ज, मग जाहीर नोटीस, हरकती मागवणं, आणि मग दाखला.

या विनियमातच लिहून ठेवलंय की दाखल्यामुळे मालमत्तेवर हक्क मिळत नाही. कायदेशीर कारभार तूर्त कोणाकडे आहे एवढंच तो दाखवतो. त्याने कोणाच्या हक्काचा अंतिम निकाल लागत नाही, आणि दुसऱ्याचा हक्क वरचढ आहे असं सिद्ध झालं तर दाखला रद्द होतो. दाखला स्वतःची मर्यादा स्वतःच सांगतो.

आता घरात सापडणारे कागद या नजरेने पाहा:

- तलाठ्याकडची वारस नोंद (गाव नमुना ६-क) आणि त्यावरचा फेरफार: महसूल कोणाकडून घ्यायचा यासाठी. नोंद खरी आहे असं तूर्त गृहीत धरलं जातं, पण तिने मालकी तयार होत नाही.
- वारस दाखला (१८२७ चा विनियम): मयताच्या वतीने कारभार करायला.
- उत्तराधिकार प्रमाणपत्र (भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५): मयताचं येणं आणि रोखे वसूल करायला. जमिनीसाठी नाही.
- प्रोबेट: मृत्युपत्र खरं आहे आणि एक्झिक्युटर कोण, हे सांगायला.
- नॉमिनेशन: संस्थेने पैसे कोणाच्या हाती दिले की ती मोकळी झाली, एवढंच.

पाचही कागद ‘आत्ता कोणाशी बोलायचं’ हे सांगतात. ‘शेवटी कोणाचं’ याचा अंतिम निकाल यातल्या एकानेही लागत नाही. गावात भांडणं होतात ती बहुतेक इथेच: सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे वाडी आपली झाली असं एक भाऊ समजतो, आणि नाव चढलं नाही म्हणजे हक्क बुडाला असं बहीण समजते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

संशोधनाला यातून काय घ्यायचं?

पहिलं, आपला प्रश्न फोडून पाहा. ‘निसर्ग वादळाचा वाड्यांवर काय परिणाम झाला?’ हा एक प्रश्न नाही. झाडं किती पडली, मातीतला क्षार वाढला का, उत्पन्न किती घटलं, हे वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचा पुरावा वेगळा. मार्गदर्शकाकडे आराखडा नेण्यापूर्वी कागदावर लिहा: माझ्या शीर्षकात किती प्रश्न लपलेत?

दुसरं, तात्पुरतं उत्तर द्यायला घाबरू नका, पण त्यावर ‘तात्पुरतं’ असं लिहा. प्राथमिक पाहणीवरून नमुन्यांची संख्या ठरवता तेव्हा तुम्ही नियम ५ सारखंच काम करत असता. काम पुढे जावं म्हणून एक गृहीतक धरता. तेच गृहीतक पाचव्या प्रकरणात निष्कर्ष म्हणून आलं की घोटाळा होतो.

तिसरं, ज्या स्रोताला खोडायचंय त्याला आधी पूर्ण बोलू द्या. दुसऱ्याचा शोधनिबंध चुकीचा आहे असं लिहिण्यापूर्वी त्याची पद्धत आणि त्याने स्वतः सांगितलेल्या मर्यादा वाचा. जमलं तर त्याला पत्र लिहून विचारा.

आणि माझ्या संमतीपत्राचं? मी ते दोन भागांत केलं. जागेत जाऊन नमुने घ्यायला जो प्रत्यक्ष वाडी पाहतो त्याची संमती, आणि त्याखाली एक स्पष्ट ओळ की या सहीवरून मालकीबाबत कोणताही अर्थ काढू नये. शिवाय संपर्क होईल त्या बाकी वारसांना लेखी कळवायचं. विद्यापीठाच्या समितीला हे पटलं, आणि वाडीवाल्यांनाही. एका मावशींनी मात्र ती ओळ दोनदा वाचून घेतली. त्यांचं नाव अजून सातबाऱ्यावर चढलेलं नाही.

करून पाहा

१. प्रिव्ही कौन्सिलचा ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ (१९१५) हा निकाल मिळवून वाचा. प्रत्येक परिच्छेदासमोर लिहा: हा प्रश्न प्रतिनिधित्वाचा, खरेपणाचा की मालकीचा?

२. तुमच्या घरच्या किंवा ओळखीच्या एका सातबाऱ्याचे फेरफार मागे मागे शोधत जा. कोणाच्या मृत्यूनंतर कोणाची नावं चढली, कोणाची नाही, आणि त्यात मुली किती, याची नोंद करा. घरात दावा चालू असेल तर पक्षकारांची नावं आणि त्यातलं कोणी वारलं आहे का, तेही वकिलांना विचारून घ्या.

३. तुमच्या संशोधन-प्रस्तावाचं शीर्षक घ्या आणि त्यातले प्रश्न सुटे करा. तीनपेक्षा जास्त निघाले तर कोणता आत्ता सोडवायचा आणि कोणता नंतरसाठी ठेवायचा, ते एका वाक्यात लिहा.